पडवीतल्या कुंड्या आणि घरातलं मांजर

आधी घरात काय लावलंय ते तपासा. लिली मांजरासाठी सर्वांत वाईट. एशियाटिक, ओरिएंटल आणि डे-लिली या जातींचं पान, फूल, परागकण, एवढंच काय फुलदाणीतलं पाणीही विषारी असतं. अंगावर पडलेले पराग मांजराने चाटले तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उंचावर ठेवून भागत नाही, पराग खाली गळतातच. मांजर असलेल्या घरात ही लिली आणूच नये. सायकसचंही तेच, त्याच्या बियांनी यकृत जातं. कण्हेर आणि बिट्टी हृदयावर घात करतात. कळलावी पावसात गडग्यावर आपोआप चढते आणि गणपतीच्या दिवसांत घरातही येते. तिचं विष कंदात जास्त, पण पानाफुलांतही असतं. उरलेल्या डहाळ्या ओट्यावर टाकू नका.

मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, शोभेचा अळू यांचा प्रकार वेगळा. कच्च्या अळूने घसा खाजतो, तेच सुईसारखे स्फटिक यांच्यातही असतात. मांजराचं तोंड भाजतं, लाळ गळते. सहसा जिवावर बेतत नाही, पण घसा सुजून श्वास अडला तर लगेच दवाखाना गाठा. ही झाडं वाशाला टांगा, लोंबणारे वेल छाटा, आणि जवळ खुर्ची किंवा खिडकीची कड येऊ देऊ नका. दीड मीटर उडी मांजर सहज मारतं. निर्धास्तपणे ठेवायची असतील तर अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, होया. आपल्या दमट हवेत ही छान वाढतात.

आता उकरण्याचं. मांजराला भुसभुशीत माती हवी असते, आणि मासळीचा वास आला की विचारूच नका. बांगडे धुतलेलं पाणी किंवा सुक्या मासळीची कुट्टी माडाच्या आळ्यात जाऊ द्या. पडवीतल्या कुंडीला गांडूळखत पुरे. मातीवर चार-पाच सेंटीमीटरचे चिऱ्याचे तुकडे किंवा पालथी सोडणं (नारळाची सोललेली सालं) दाटीने मांडा, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. जून ते सप्टेंबर मात्र सोडणं काढून टाका. खालची माती वाळत नाही, मुळं कुजतात, चिलटं होतात. त्या दिवसांत दगडच बरे, आणि पाणी घालण्याआधी बोट खुपसून ओल बघा.

कुंडीत मांजर मुतलं तर क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात. वरची पाच सेंटीमीटर माती काढून टाका, कुंडीच्या तीन-चार पट पाणी हळूहळू ओतून निचरा होऊ द्या, मग नवी माती भरा. हे वारंवार होत असेल तर दोष बहुधा मांजराच्या शीच्या ट्रेचा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त ठेवा आणि रोज साफ करा. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व आहे. गरोदर बाईने ट्रे साफ करू नये, मातीतलं काम हातमोजे घालूनच करावं.

मांजर येऊ नये म्हणून डांबरगोळ्या कुंडीत टाकतात, ते अगदी चुकीचं. त्या मांजराला विषारी आहेत. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

पानं चघळायची सवय जात नाही, म्हणून तिला वाट द्या. मूठभर गहू आठ-दहा तास भिजवा, खाली भोकं असलेल्या पसरट भांड्यात तीन-चार सेंटीमीटर मातीवर रुजवणासारखे पेरा. आठ-दहा दिवसांत बोटभर गवत होतं. पावसात बुरशीचा पांढरा थर आला तर सगळं फेकून द्या. ज्वारी पेरू नका. तिच्या कोवळ्या पानांतून सायनाइड तयार होतं.

विषारी झाड खाल्लंच, तर तोंड ओल्या फडक्याने पुसा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. झाडाची फांदी सोबत घ्या आणि निघण्यापूर्वी पशुवैद्यांना फोन करा. लिलीच्या बाबतीत लक्षणांची वाट बघू नका: उलट्या थांबून मांजर बरं दिसू लागतं, तेव्हाही आत मूत्रपिंडं खराब होत असतात. सलाइन पहिल्या काही तासांतच सुरू झालं तर वाचायची शक्यता चांगली. पावसात रस्ता बंद होणाऱ्या गावात जवळच्या दोन पशुवैद्यांचे नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा.