मीटरवर २०.९ दिसलं तरी थांबा: टाकीत उतरताना होणाऱ्या चुका

"साहेब, कालच तर उतरलो होतो." टाकीच्या तोंडाशी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आत उतरायच्या परमिटच्या फॉर्मवर त्याच्यासाठी एक रकानाच छापून घ्यावा असं वाटतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. काल टाकी ठीक होतीच. पण रात्रीतून शेजारच्या लाइनचा व्हॉल्व्ह ठिबकला, तळाचा गाळ अजून सडला, सकाळी पत्र्यावर ऊन तापलं आणि टाकी बदलली. कागदावरचा आकडा मात्र कालचाच राहिला.

एमआयडीसीत सेफ्टीचं काम करताना ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) टाक्या, मळीच्या टाक्या, रिअ‍ॅक्टर, बॉयलरचे ड्रम, बिल्डिंगच्या पोटातल्या पाण्याच्या टाक्या असं बरंच काही पाहिलं. 'कन्फाइन्ड स्पेस', म्हणजे अशी बंदिस्त जागा, हा शब्द आता हेल्परलाही पाठ आहे, आतली हवा तपासणारा गॅस मीटरही बहुतेक ठिकाणी असतो. त्यामुळे हल्लीच्या चुका मीटर नसल्याच्या कमी आणि मीटर चुकीचा वाचल्याच्या जास्त.

मीटर टाकीच्या तोंडाशी सुरू करणं

एका ठिकाणी ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्यासमोर मॅनहोलचं झाकण सरकवून उभा राहिला, खिशातून मीटर काढला आणि तिथंच बटण दाबलं. स्क्रीनवर ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे मोकळ्या हवेइतका, बाकी सगळी शून्यं. "बघा साहेब, एकदम क्लीन." मी त्याला मीटर तसाच चालू ठेवून गेटजवळच्या कडुनिंबाखाली घेऊन गेलो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २२ च्या वर आणि स्फोटक गॅसचा आकडा उणे! त्याला वाटलं मीटर बिघडला.

मीटर बिघडला नव्हता. बरेच मीटर सुरू होताना आजूबाजूची हवा शुद्ध आहे असं धरून स्वतःला जुळवून घेतात. टाकीच्या तोंडाशी येणारी खराब हवाच त्यानं 'शुद्ध' मानली. ऑक्सिजन खरं तर १९.८ च्या आसपास असणार. त्यालाच त्यानं २०.९ म्हटलं. तेव्हा मीटर नेहमी टाकीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, चालू गाड्या आणि जनरेटरपासून दूर सुरू करायचा. मोकळ्या हवेत उणे आकडा दिसला तर तो मीटर त्या दिवशी आत न्यायचा नाही, पुन्हा शून्यावर आणायचा आणि टेस्ट गॅस (प्रमाण आधीच माहीत असलेला गॅस) देऊन तपासायचा. ऑक्सिजनचा सेन्सर जिवंत आहे का हे ढोबळ पाहायचं असेल तर त्यावर हळू श्वास सोडा. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन १६-१७ टक्केच असतो, अलार्म व्हायला हवा. पण हा गावठी उपाय; टेस्ट गॅसची जागा तो घेत नाही.

दुसरी घाई नळीची. पंपाच्या नळीतून हवा वर यायला दर मीटरला साधारण ३ सेकंद धरा. पाच मीटरची नळी असेल तर तळाची हवा मीटरपर्यंत पोहोचायलाच पंधरा सेकंद गेले, त्यावर सेन्सरला अर्धा मिनिट लागतो. दहा सेकंदांत नळी खाली-वर करणाऱ्यानं मॅनहोलची हवा मोजली, टाकीची नाही. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबून मोजायचं. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो वर साचतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड, ते तळाशी बसतात.

"२०.१ आहे, चालतंय की"

ही चूक मला सगळ्यात जास्त सतावते, कारण ती शिकलेली माणसं करतात. नियमाप्रमाणे ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत जायचं नाही. म्हणून २०.१ म्हणजे पास. पण जरा हिशोब करा. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्साच असतो. दुसरा एखादा गॅस आत शिरून ऑक्सिजन ०.८ टक्क्यानं खाली आला असेल, तर त्या गॅसनं एकूण हवेतली जवळजवळ ४ टक्के जागा घेतलेली असते. ४ टक्के म्हणजे ४० हजार पीपीएम, हवेच्या दहा लाख भागांतले ४० हजार भाग. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमलाच जिवावर बेततो.

बाकीचे सेन्सर शून्य दाखवत असतील तर तो गॅस कदाचित आपल्या मीटरला दिसतच नाही. साधा चार गॅसचा मीटर नायट्रोजन, आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. कधी गंजानं किंवा गाळातल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्लेला असतो, बाहेरचा गॅस आलेलाच नसतो. पण हे कळेपर्यंत माणूस बाहेर. २०.९ पेक्षा कमी प्रत्येक आकड्याला 'का?' विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

एलईएल शून्य, म्हणजे नक्की काय?

एलईएल म्हणजे गॅस पेटायला हवेत लागणारं त्याचं किमान प्रमाण; मीटर त्याचे किती टक्के झाले ते दाखवतो. स्फोटक गॅस मोजणारा नेहमीचा सेन्सर आतल्या मण्यावर गॅस जाळून आकडा काढतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन मारून ठेवलेल्या सॉल्व्हंटच्या टाकीत ऑक्सिजन नसल्यामुळे तो सेन्सर मुकाट शून्य दाखवतो. झाकण उघडून हवा आत शिरली की तीच वाफ पेटायला तयार. म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा, मग एलईएल, मग विषारी गॅस. सिलिकॉनचा स्प्रे मारलेल्या जागी ठेवलेला मीटरही असाच हळूहळू आंधळा होतो, आणि तो आंधळा झालाय हे फक्त टेस्ट गॅसच सांगतो.

टाकीला आतून रंग मारताना वेगळी गंमत होते. थिनरमधलं टोल्युइन हवेत १.१ टक्का झालं की पेटू शकतं. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे १० टक्के एलईएल, हा बहुतेकांच्या मीटरचा अलार्म. पण हे ११०० पीपीएम झाले, आणि टोल्युइन ५०० पीपीएमलाच माणसाला तत्काळ धोक्याचं मानलं जातं. त्यात मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला (जुळवलेला) असेल तर टोल्युइन तो आहे त्यापेक्षा बराच कमी दाखवतो. अलार्म वाजण्याआधी रंगारी भेलकांडू लागतो, विनाकारण हसतो, ब्रश हातातून सुटतो. रंगकामाला एलईएलचा आकडा आगीपुरता वापरा. श्वासासाठी बाहेरून हवा देणारा एअरलाइन मास्क लागतो.

इथे डबीवाल्या मास्कचंही सांगून टाकतो. ती डबी हवेतला ठरावीक गॅस शोषते, ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत डबीचा मास्क लावून गेलेला माणूस मास्कसकटच सापडतो.

पहिलं रीडिंग बरोबर, फावडं मारल्यावर चूक

ईटीपीचा गाळ हा मोठा फसवा. वर पाणी, खाली काळा लगदा. सकाळी मोजलं तर सगळं ठीक. माणूस उतरतो, फावडं घालतो, आणि गाळात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सोड्याची बाटली हलवल्यासारखा सुटतो. मीटर वर टेबलावर, परमिटच्या कागदावर ठेवलेला. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर हवा, नाका-तोंडाजवळ, आणि काम चालू असेपर्यंत चालू.

वासावर तर अजिबात विसंबू नका. सडक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणातच येतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. "वास होता, आता गेला" असं खालून कोणी म्हणालं तर प्रश्न विचारत बसू नका, दोर ओढा.

"इथे केमिकल कुठंय?"

बांधकामावरचे लोक हे हमखास विचारतात. नव्या बिल्डिंगची जमिनीखालची पाण्याची टाकी घ्या. स्लॅब पडला, सेंट्रिंग आत, मॅनहोलवर फळी. क्युरिंगचं पाणी आत उतरलेलं. पाच-सहा आठवड्यांनी फळ्या काढायला एक पोरगा उतरतो. आत फक्त ओलं लाकूड, काँक्रीट आणि पाणी. पण ओलं लाकूड कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बंद खोलीत तेवढं पुरतं. वास नाही, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ऑक्सिजन ६ टक्क्यांवर आला असेल तर दोन-चार श्वासांत माणूस खाली. चढून वर येण्याइतकाही वेळ मिळत नाही. लोखंडी टाकीतला ओला गंजही हेच करतो.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, हे तिथल्या हमालांना कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मात्र त्याच काळातली कंदील सोडून पाहायची रीत कारखान्यात आणू नका. ज्योत विझते तोवर ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे आधीच उशीर. विषारी गॅस कितीही असला तरी ज्योत मजेत जळत राहते. आणि मिथेन असेल तर कंदीलच काडीचं काम करतो. विहिरीच्या कामात अजूनही हे सर्रास चालतं.

ब्लोअर लावला, पण कुठे?

ब्लोअरचा, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, पाइप मॅनहोलच्या दोन फूट आत लोंबकळत ठेवला तर हवा वरच्या वर फिरून बाहेर येते आणि तळ जसाच्या तसा राहतो. पाइपचं तोंड तळाजवळ न्या. ब्लोअरची खेचणारी बाजू कुठे आहे तेही पाहा. मी ती जनरेटरच्या सायलेन्सरशेजारी ठेवलेली पाहिली आहे. माणसाला हवेच्या नावाखाली कार्बन मोनॉक्साइड पाजत होते. ब्लोअर बंद पडला, लाइट गेली, तर माणूस आधी बाहेर, मग फ्यूज शोधा.

आणि वेल्डरच्या सिलिंडरमधून "थोडा ऑक्सिजन सोडू का?" असं कोणी विचारलं तर त्याला तिथून हाकला. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, हातमोज्यावरचं तेल एका ठिणगीनं भडकतं.

व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. व्हॉल्व्ह ठिबकतात. फ्लँज (पाइपचा जोड) उघडा, ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाका. आतला हँडलॅम्प २४ व्होल्टच्या वर नको.

सही कोणाची?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ नं हे साध्या भाषेत सांगून ठेवलं होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली). सक्षम माणसानं स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र घालायचं, कमरेला पट्टा बांधायचा आणि त्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात असायचं. 'स्वतः' हा शब्द आमच्याकडे गळून पडतो. एसीत बसून, दुसऱ्यानं फोनवर सांगितलेला आकडा लिहून दिलेली सही हा दाखला नव्हे.

दोराच्या टोकाचा माणूस हा आणखी एक गळणारा भाग. त्यालाच चहा आणायला पाठवतात, त्यालाच पाना शोधायला. त्याचं काम एकच: तोंडाशी उभं राहून आतल्याशी बोलत राहणं. काही झालं तरी त्यानं आत उतरायचं नाही. हे ऐकायला निर्दय वाटतं. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं १९८६ मध्ये सांगितलं की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती. आत पडलेला बहुतेकदा भाऊ असतो, गाववाला असतो, एकाच खोलीत राहणारा असतो. त्या क्षणी 'उतरू नकोस' हे सांगून कोणी ऐकत नाही. न उतरता वर काढता येईल अशी सोय आधीच असेल तरच तो बाहेर थांबतो. म्हणजे ट्रायपॉड (मॅनहोलवरची तिपाई), विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र), आणि उतरणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, आधीपासून अडकवलेला दोर.

आमच्याकडे एकदा मी वाळूचं सत्तर किलोचं पोतं हार्नेसमध्ये बांधून टाकीत सोडलं आणि शिट्टी मारली. पोतं बाहेर यायला अकरा मिनिटं लागली. ट्रायपॉड स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर जेवायला. मेंदू ऑक्सिजनशिवाय चार ते सहा मिनिटं तग धरतो. पुढच्या आठवड्यात तीच कवायत, ट्रायपॉड आधीच मॅनहोलवर उभा: पावणेदोन मिनिटं. त्यातलाही अर्धा मिनिट पोतं मॅनहोलच्या कडेला अडकलं म्हणून गेला, कारण हार्नेसचा हुक पाठीवर वरच्या बाजूला न लावता कमरेला लावला होता, आणि पोतं आडवं आलं.

तेव्हापासून परमिटच्या वर मी हातानं दोन ओळी लिहितो: ट्रायपॉड उभा आहे का, हुक पाठीवर आहे का. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावरच पुढचे रकाने भरायला घेतो.