हॅकिंग शिकायचंय? आधी स्वतःचं मैदान आखा

“ताई, हॅकिंग शिकायचंय, कोणता क्लास लावू?” बार्शीकडच्या पोरापोरींचा हा प्रश्न मला सारखा येतो. मी पुण्यात व्हीएपीटीचं काम करते. कंपनी लेखी परवानगी देते, मग मी तिच्या सिस्टिममधल्या कच्च्या जागा शोधते आणि तिला कळवते. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिले तीन महिने एक रुपयाही भरू नका. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, दोनशे पानी वही आणि रोजचा दीड तास, एवढ्यावर पाया पक्का होतो.

पण लॅपटॉप उघडण्याआधी परवानगीचं बोलू. डिप्लोमाला असताना मी होस्टेलच्या वायफायवरून एक नेटवर्क स्कॅनर, म्हणजे नेटवर्क चाचपणारं सॉफ्टवेअर, चालवला, नेटवर्कवर काय काय आहे ते बघायला. कॉलेजच्या ऑफिसातला प्रिंटरही त्याच नेटवर्कवर होता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला नंबर दिलेले दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. काही प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर जे येईल ते थेट छापतात. माझा स्कॅनर तिथे जे पाठवत होता ते सगळं कागदावर उतरलं, आणि परीक्षेचे फॉर्म छापायच्या दिवशी क्लार्क काकांच्या हातात निरर्थक अक्षरांची पानं पडत राहिली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं आणि माफी मागितली. हेतू वाईट नव्हता, तरी त्यांचा दिवस वाया गेला तो गेलाच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे केलंत तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजाऱ्याचं वायफाय, कॉलेजची वेबसाइट, मित्राचं इन्स्टाग्राम, यातलं काहीही सरावासाठी नाही.

सरावासाठी स्वतःचं मैदान आखायचं. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे लॅपटॉपच्या आत आणखी आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यात अशी दोन मशिनं बसवा: एक काली लिनक्स, ही ऑपरेटिंग सिस्टिम, ज्यात लागणारी बहुतेक टूल्स आधीच असतात, आणि दुसरं मेटास्प्लॉइटेबल २, जे मुद्दाम भोकं ठेवून शिकणाऱ्यांसाठीच बनवलं आहे. कालीला दोन जीबी रॅम द्या, दुसऱ्याला अर्धा जीबी पुरतो. मेटास्प्लॉइटेबल तयार डिस्कच्या रूपात येतं, म्हणून नवीन मशीन बनवताना ‘आधीची डिस्क वापरा’ हा पर्याय निवडा. इथे बरेच जण अडकतात. मशीन सुरूच होत नसेल तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, ते चालू करा. आणि सराव करताना दोन्ही मशिनांचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या आत, ठेवा. ‘ब्रिज्ड’ ठेवलंत तर ते भोकांचं मशीन तुमच्या घरच्या वायफायवर उघडं पडतं.

हॅकिंगच्या आधी लिनक्सची सवय हवी. त्यासाठी ओव्हरदवायर या साइटचा ‘बँडिट’ हा खेळ. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाला सुरक्षितपणे जोडून, त्यांच्या सर्व्हरवर जायचं, दडवलेला पासवर्ड शोधायचा, त्याने पुढची पायरी उघडायची. सुरुवातीलाच एक फाइल भेटते जिचं नाव नुसतं एक आडवी रेघ आहे. ती नेहमीच्या पद्धतीने वाचायला गेलात की टर्मिनल गप्प बसतं. उत्तर यूट्यूबवर आहे, पण बघू नका. त्या फाइलवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि लिनक्स त्या रेघेचा काय अर्थ लावतं ते कायमचं डोक्यात बसलं.

आता माझा सगळ्यात आवडता धडा. मी कोणालाही शिकवताना इथूनच सुरू करते, कारण यात काही फोडायचं नाही, फक्त बघायचं आहे. कालीमध्ये वायरशार्क उघडा, हे नेटवर्कवरून जाणारी-येणारी माहिती टिपून दाखवतं, आणि नोंद सुरू करा. दुसऱ्या खिडकीतून मेटास्प्लॉइटेबलला टेलनेटने, म्हणजे एसएसएचच्या आधीच्या जुन्या पद्धतीने, जोडा. युजरनेम ‘एमएसएफॲडमिन’, पासवर्डही तोच, इंग्रजी लिपीत. आत गेलात की नोंद थांबवा, टेलनेटच्या एखाद्या पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) राइट क्लिक करा आणि ‘फॉलो’मधून टीसीपी स्ट्रीम, म्हणजे ते सगळं संभाषण सलग, उघडा. तुमचं पाठवलेलं लाल, सर्व्हरचं निळं. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल: एम एम, एस एस, एफ एफ. पासवर्ड मात्र एकेरी. का? तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर सर्व्हरकडे जातं आणि सर्व्हर ते तुमच्या पडद्यावर उमटावं म्हणून परत पाठवतो. पासवर्ड पडद्यावर दिसू द्यायचा नसतो, म्हणून तो परत येत नाही. पण जाताना तो उघडाच गेला. आता तेच एसएसएचने करा आणि स्ट्रीम पुन्हा बघा. सुरुवातीची ओळखपाळख वाचता येईल, पुढे सगळा गिचमिडा. पासवर्ड एन्क्रिप्ट का करतात, म्हणजे वाचता न येणारा का करून पाठवतात, हे मला चार पुस्तकांनी सांगितलं होतं, पटलं मात्र या लाल-निळ्या ओळींनी.

मग एनमॅप, उघडे पोर्ट शोधणारं टूल. मेटास्प्लॉइटेबलवर चालवा, वीसेक पोर्ट उघडे दिसतील. वहीत प्रत्येकासमोर लिहा: ही सेवा काय करते, आवृत्ती कोणती, ती इथे हवी का? २१ नंबरवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ दिसेल, हे फाइलींची देवाणघेवाण करणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. या आवृत्तीच्या डाउनलोडमध्येच कोणीतरी चोरदरवाजा घातला होता, तो २०११ च्या जुलैमध्ये उघडकीस आला. युजरनेममध्ये कोलन आणि लगेच बंद कंस, म्हणजे आपला हसरा चेहरा, टाकून लॉगिन करायला गेलात की ६२०० नंबरचा पोर्ट उघडतो. मेटास्प्लॉइट हे कालीतलं हल्ल्याचं तयार टूल हे काम एका आज्ञेत करून देतं, पण पहिल्यांदा हाताने करा. ६२०० ला नेटकॅटने (कुठल्याही पोर्टला थेट जोडणारं छोटं टूल) जोडल्यावर पडदा कोरा राहतो आणि काहीच झालं नाही असं वाटतं. ‘मी कोण’ विचारणारी आज्ञा (whoami) द्या. उत्तर येतं: रूट, म्हणजे त्या मशिनाचा सर्वाधिकारी.

वेबसाइटमधले दोष शिकायला पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, जोडीला ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेचं जूस शॉप, मुद्दाम दोष ठेवलेलं सरावाचं दुकान. सुरुवात ॲक्सेस कंट्रोलपासून, म्हणजे कोणाला काय बघता येतं यातल्या चुकांपासून, करा. ओवॅस्पच्या वेबवरच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत हाच दोष पहिला होता. आपल्या ऑर्डरच्या नंबरात एक मिळवला आणि दुसऱ्याची ऑर्डर दिसली, इतका साधा. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे डेटाबेसला चोरून आज्ञा देणं, नंतर येऊ द्या. बग बाउंटी, म्हणजे कंपन्यांचे दोष शोधून बक्षीस मिळवणं, त्याच्याही नंतर, आणि कंपनीची स्कोपची (काय तपासायचं, काय नाही याची) अट शब्द न शब्द वाचूनच.

प्रत्येक सरावानंतर रिपोर्ट लिहा. हा भाग सगळे टाळतात, आणि पगार मात्र याचाच मिळतो. ओएससीपी या हॅकिंगच्या नावाजलेल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेतही २३ तास ४५ मिनिटं मशिनांवर झुंजल्यावर रिपोर्टसाठी वेगळे २४ तास असतात. काय सापडलं, कसं सापडलं, दुसऱ्याला तसंच करून बघता येईल असे टप्पे, स्क्रीनशॉट, धोका किती, उपाय काय. मी पहिला रिपोर्ट मेटास्प्लॉइटेबलवरच लिहिला आणि मामांना वाचून दाखवला. मामांचं मेडिकलचं दुकान आहे, संगणक फक्त बिलापुरता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बरं, मग उद्या सकाळी शटर उघडल्यावर मी आधी काय करू?” माझ्या अकरा पानांत त्याचं उत्तर नव्हतं. त्याच रात्री पहिल्या पानावर तीन ओळी घातल्या: व्हीएसएफटीपीडीची ही आवृत्ती आजच काढा. टेलनेट बंद करून एसएसएच वापरा. युजरनेम आणि पासवर्ड एकच आहे, तो बदला.