एसएससी टेकचा अर्ज भरताय? आधी टक्केवारीचा घोळ समजून घ्या

एसएससी टेक म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशन (टेक्निकल), इंजिनिअरांना लष्करात अधिकारी होण्याची वाट. त्याच वाटेने येत्या एप्रिलमध्ये मला चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे लष्कराच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, रुजू व्हायचंय. जॉइनिंग लेटर आल्यापासून आई गल्लीभर सांगत सुटलीय. मला मात्र अजून भोपाळचं स्टेशन आठवतं. पहिल्या वेळी तिथल्या बाकावर मी ज्या अवस्थेत बसले होते, तशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहितेय.

वय २० ते २७, वर्षातून दोन कोर्स, लेखी परीक्षा नाही, इंजिनिअरिंगच्या टक्क्यांवर शॉर्टलिस्टिंग आणि मग पाच दिवसांची एसएसबी (लष्कराच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मुलींनी एक आकडा मात्र लक्षात ठेवावा. अलीकडच्या जाहिरातींत मुलांसाठी ३५० जागा होत्या आणि मुलींसाठी २९. त्या २९ पुन्हा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांत वाटलेल्या. इतक्या कमी जागांमध्ये अर्जातली चूक परवडत नाही.

आता माझी चूक.

मी पुण्यात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) केलं. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज भरला. सहाव्या सेमिस्टरपर्यंतचा सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) ८.२. अर्जात सीजीपीए चालत नाही, टक्के लागतात. एका सीनिअरने सांगितलं, "दहाने गुण आणि टाक, सगळे तेच करतात." कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, तिथेही मान डोलावली गेली. मी ८२ टाकले. कॉल लेटर आलं. झेलम एक्स्प्रेसने भोपाळला एसएसबीसाठी गेले, रात्रभर झोप नाही.

पहिल्याच दिवशी कागदपत्रांची तपासणी असते. माझ्या फोल्डरमध्ये विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट होतं, सीजीपीएचे टक्के कसे करायचे ते सांगणारं. निघायच्या दोन दिवस आधी ते आणलं होतं आणि न वाचता ठेवून दिलं होतं. टेबलापलीकडच्यांनी ते वाचलं. सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं, असं त्यावर स्पष्ट होतं. म्हणजे ७४.५. अर्जात ८२. त्यांनी आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले की अर्जातली माहिती आणि कागदपत्रं जुळत नाहीत, तुम्हाला थांबता येणार नाही. दुपारी मी पुन्हा स्टेशनवर होते. घरी फोन करायची हिंमत झाली नाही. ते सूत्र माझ्या मार्कशीटच्या मागच्या बाजूला पहिल्या सेमिस्टरपासून छापलेलं होतं. मी मागची बाजू कधी बघितलीच नव्हती.

हे जरा सविस्तर सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतंच. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. कुठे ०.७५ वजा करतात, कुठे वेगळ्याच संख्येने गुणून वर काही मिळवतात. अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की एकाच विद्यापीठातल्या दोन बॅचचं सूत्रही वेगळं असू शकतं. म्हणून मैत्रिणीचं सूत्र तुमचं नाही, सीनिअरचं तर नाहीच. तुमच्या विद्यापीठाने तुमच्या पॅटर्नसाठी लेखी दिलंय तेच खरं. आधी सर्टिफिकेट हातात घ्या, मग अर्जाचं पान उघडा. उलट क्रमाने केलंत तर मी केलं तेच कराल. सर्टिफिकेट मिळायला विद्यापीठात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि जाहिरात आल्यावर अर्जाला साधारण महिनाभरच मिळतो. ज्यांचा शेवटच्या वर्षाचा पहिला दिवस उजाडलाय, त्यांनी सर्टिफिकेटसाठी आजच विद्यापीठात अर्ज टाकून ठेवावा. आलेला आकडा वर ओढू नका. ६९.८ म्हणजे ६९.८.

दोन गोष्टी याला जोडूनच येतात. शेवटच्या वर्षाला असाल तर कटऑफ सहाव्या सेमिस्टरपर्यंतच्या टक्क्यांवर लागतो, पण पदवीचे अंतिम टक्के त्या कटऑफच्या खाली गेले तर उमेदवारी जाते. कॉल आला म्हणून सातवं-आठवं सेमिस्टर सोडून देणारी मुलं मी पाहिलीत. दुसरं म्हणजे शाखेचं नाव. मार्कशीटवर "इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन" असेल तर अर्जातही अक्षर न अक्षर तेच हवं. "कम्युनिकेशन काय नि टेलिकम्युनिकेशन काय, एकच की" असं म्हणू नका. जाहिरातीत समकक्ष शाखांची यादी असते, तिच्यात तुमचं नाव शोधा.

मला सर्वात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? पुढच्या वेळी मी खरे ७४.५ भरले आणि तरीही कॉल आला. तो वाढवलेला आकडा मला लागतच नव्हता.

पुढच्या अर्जापर्यंतच्या सहा महिन्यांत मला सावरलं ते आमच्या शेजारच्या सुभेदार काकांनी. सिग्नल्समधून (लष्कराच्या संदेशवहन विभागातून) निवृत्त, एसएसबी त्यांनी आयुष्यात दिलेली नाही. पण ओसरीवर बसवून त्यांनी माझ्याकडून अख्खी जाहिरात फूटपट्टी लावून ओळीओळीने वाचून घेतली. जिथे मी "कळलं" म्हणाले तिथे ते "काय कळलं ते सांग" म्हणायचे. माझं ठाम मत झालंय: मार्गदर्शक असा धरावा जो तुम्हाला मूळ कागद वाचायला लावतो. व्हिडिओत ओरडून जोश भरणारे नकोत आणि एसएसबीसाठी तयार कथा पाठ करून घेणारे क्लासवाले तर मुळीच नकोत. पन्नास तयार गोष्टी देतो म्हणणाऱ्या एका क्लासला मी पैसे भरले होते. टीएटीमध्ये, म्हणजे एसएसबीतल्या चित्र बघून गोष्ट लिहायच्या चाचणीत, बारा चित्रं असतात, शेवटचं कोरं. प्रत्येकाला ३० सेकंद बघायला आणि चार मिनिटं लिहायला. त्यात पाठ केलेली गोष्ट आठवत बसलात तर समोरचं चित्र दिसतच नाही. महाराष्ट्रात राहता आणि एसएसबीचं पत्र हातात आहे, तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. ते सरकारी आहे, राहणं-जेवणासकट मोफत आहे, आणि तिथे सराव खरा होतो.

दुसऱ्या वेळी मी स्क्रीन आउट झाले, म्हणजे एसएसबीच्या पहिल्याच चाळणीत बाहेर. पीपीडीटीच्या (चित्र बघून गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची) चर्चेत मासळीबाजार झाला आणि मी गप्प बसले. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, तोंड उघडायची लाज वाटली. तिसऱ्या वेळी ठरवलं होतं, दोनदाच बोलायचं, पण पूर्ण वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याचा मुद्दा नीट ऐकून त्याला जोडून बोलायचं. व्याकरण दोनदा चुकलं. तरी पुढच्या टप्प्यासाठी नंबर पुकारला गेला. सोलापूर-साताऱ्याकडच्या मुलामुलींनो, इंग्रजीची भीती खरंच सोडा. बोलणं साधं आणि सरळ असलं की पुरतं.

मुलाखतीत मात्र टेक्निकल एंट्री म्हणजे काय ते कळतं. माझा प्रोजेक्ट होता वायरलेस सेन्सरचा. अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं, सुटे भाग कुठून आणले? बुधवार पेठेतून, म्हटलं. कोणता भाग सर्वात आधी जळला? का जळला? मग काय बदललंत? व्होल्टेज रेग्युलेटर जळला होता, मी तो स्वतः बदलला होता, त्यामुळे वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. विकतचा प्रोजेक्ट असता तर दुसऱ्याच प्रश्नाला संपले असते. तुमच्याकडे तयार प्रोजेक्ट घेतलेला असेल तर आत्ता बसा, खोला, पुन्हा जोडा. ओहमचा नियम, मॉड्युलेशन का करतात, असलं अगदी मुळातलं विचारतात, आणि नव्वद टक्केवाले तिथेच अडखळतात. इंजिनिअरिंगचे टक्के फक्त दार उघडतात. अंतिम मेरिट एसएसबीच्या गुणांवर लागतं.

कॉन्फरन्सनंतर (सगळ्या परीक्षकांसमोरची शेवटची भेट) माझा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला क्रमांक) पुकारला गेला तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही. पण रेकमेंड होणं, म्हणजे एसएसबीची शिफारस मिळणं, म्हणजे निवड नव्हे, हेही लगेच सांगून टाकते. पुढे मेडिकल असतं. मला कानातल्या मळासाठी तात्पुरतं अनफिट ठरवलं. हॉस्टेलवरची एक मुलगी वजनासाठी, एक नाकाच्या पडद्यासाठी अडकली. असं झालं तर रडत बसू नका, ४२ दिवसांत अपील मेडिकल बोर्डासमोर जाता येतं. मी कान साफ करून घेतले, गेले, फिट झाले. त्याहून शहाणपणाचं म्हणजे निघण्याआधीच कान-नाक-घसा, डोळे आणि दात गावातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग मेरिट लिस्टची वाट. त्या दीड महिन्यात मी फोन हातातून खाली ठेवला नाही.

ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं आहे. सिग्नल्स मिळालं तर पुढच्या प्रशिक्षणाला मध्य प्रदेशातल्या महूला जावं लागेल, इंजिनिअर्स मिळालं तर आमच्या पुण्यातल्या दापोडीच्या सीएमईत (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग). काका रोज सिग्नल्सच म्हणतात.

काल धाकट्या चुलतबहिणीचा फोन आला, ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे. "ताई, दहाने गुणू ना?" तिचा पहिला प्रश्न हाच. तिला आज सकाळी विद्यापीठात पाठवलंय. सर्टिफिकेटची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स फोल्डरच्या पहिल्याच कप्प्यात ठेव, आणि ठेवण्याआधी मोठ्याने वाच, असं सांगितलंय.