अलिबाग ते हर्णै : जलदुर्गांच्या सहलीची सहकुटुंब तयारी

पहिलं काम हॉटेल शोधण्याचं नाही. भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि तिथी बघा. अलिबागपासून हर्णैपर्यंतच्या किनाऱ्यावर खांदेरी, कुलाबा, कोर्लई, पद्मदुर्ग, जंजिरा, बाणकोट, सुवर्णदुर्ग असे किल्ले ओळीने उभे आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी किती वाजता पोहोचायचं हे पाणी ठरवतं, आपण नाही. सुट्टी आधी टाकून भरती-ओहोटी नंतर बघणारे अलिबागच्या पुळणीवर उभं राहून समोरच्या कुलाबा किल्ल्याचे लांबूनच फोटो काढून परततात.

किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. त्या पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून भरती पहाटे तीनला आणि दुपारी साधारण तीनला. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना हाच नियम. यात अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, म्हणून तारखा तिथीवरून निवडाव्यात, पण प्रत्यक्ष जायच्या दिवसाची वेळ छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून मिनिटांसकट लिहून घ्यावी.

वेळेइतकंच पाणी किती हटतं हेही महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या मागेपुढे भांग असते, तेव्हा चढउतार निम्म्यावर येतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला असल्याने सोयीची वाटते, पण पाणी पुरेसं हटत नाही आणि कुलाबा किल्ल्याची ओहोटीत चालत जायची वाट ओलीच राहते. उलट पौर्णिमेला पाणी छान हटतं, पण पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी अंधार पडताना. म्हणून मुलाबाळांना घेऊन जायचं तर अलिबागचा दिवस तृतीया ते पंचमीच्या दरम्यान यावा. ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या मध्ये सापडते, ऊन कोवळं असतं आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो. सगळी सहल या एका सकाळीभोवती बांधायची.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र निवळला तरी किल्ल्यांत कमरेएवढं गवत असतं आणि त्यात सापाची भीती खरीच असते. मे महिन्यात आंबे मिळतात, पण अकरानंतर तटावर उभं राहवत नाही. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळाच. जंजिऱ्याच्या रांगेत आणि जेट्टीवर अख्खा दिवस जातो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असाल तर बाणकोटजवळच्या वेळासला एक मुक्काम वाढवा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. अर्थात घरट्यातून पिल्लं कधी बाहेर येतील याची हमी कोणी देत नाही, हे मुलांना निघतानाच सांगून ठेवा.

चार मुक्काम पुरतात: पहिला अलिबाग किंवा नागावला, दुसरा मुरूडला, तिसरा दिवेआगर-श्रीवर्धनला, चौथा आंजर्ले-हर्णैला. एकाच ठिकाणी राहून सगळं फिरू म्हणाल तर रोज चार-पाच तास गाडीत जातील. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने गाडीच नेली तर तासाभरात पलीकडे उतरता येतं. मार्च २०२० पासून ही सेवा सुरू आहे, आणि शनिवार-रविवारची गाडीची जागा आगाऊ घ्यावी लागते. पुण्याहून येणाऱ्यांनी वाटल्यास क्रम उलटा करावा, पण मग तिथी पुन्हा मोजा, कारण अलिबागचा दिवस शेवटी येतो आणि द्वितीयेला निघालात तर तो षष्ठीवर जाऊन बसतो.

खोली घेताना समुद्रदर्शनापेक्षा दोन गोष्टी विचारा: गाडी अंगणात लागते का, आणि जेवण घरचं मिळतं का. या भागातल्या घरगुती खाणावळींत माणसं मोजून स्वयंपाक होतो. दुपारी दीडला अचानक सहाजण दारात उभे राहिलात तर वरण-भातही मिळेलच असं नाही. आदल्या रात्री फोन करून किती शाकाहारी, किती मासे खाणारे, उकडीचे मोदक किती आणि लहान मुलांना बिनतिखट काय, एवढं सांगून ठेवावं. मोदकांना सकाळचा निरोप पुरत नाही.

आता कुलाबा किल्ला. पुळणीवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, किल्ला बघायला सव्वा तास. ओहोटीच्या तळाच्या वेळेआधी सव्वा तास निघा आणि तळानंतर तासाभरात किनाऱ्याला लागा. अडकणारे बहुतेक एकाच चुकीने अडकतात. किल्ल्याच्या दारात खडक कोरडा दिसतो म्हणून ते निवांत बसतात. भरतीचं पाणी आधी सखल पट्ट्यांत शिरतं, त्यामुळे पायाखाली कोरडं असलं तरी परतीच्या वाटेवर गुडघाभर झालेलं असतं. आजी-आजोबांसाठी घोडागाडी ठरवा, पण परतीची वेळ गाडीवाल्याशी आधीच पक्की करा. घोडागाडीचं चाकही ओहोटीनेच फिरतं. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. रबरी चप्पल ओल्या वाळूत रुतून राहते आणि अनवाणी गेल्यास खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. आत गोड्या पाण्याची विहीर, राघोजी आंग्र्यांच्या काळातलं सिद्धिविनायकाचं देऊळ आणि उत्तरेकडे गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा मार कमी होतो, हे मुलांना तिथेच दाखवण्यासारखं. तिकीट पुरातत्त्व खात्याचं असून पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. मोठ्या मुलाचं वय दाखवणारं ओळखपत्र जवळ ठेवा, वाद वाचतो.

मुरूडच्या वाटेवर रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. दीपगृहापासून पायऱ्यांची चढण अर्ध्या तासाची असली तरी सावली अजिबात नाही, म्हणून दुपार चारनंतरच चढा. पोर्तुगीजांचा हा किल्ला लांबट डोंगराच्या कण्यावर पसरलेला आहे. खालच्या गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी दीपगृहापाशी बसावं, समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो.

जंजिऱ्यासाठी राजपुरीच्या जेट्टीवर सकाळी पहिल्या होडीला हजर राहा. साडेदहानंतर तिकिटाची रांग वाढते आणि शिडाच्या होड्या भरल्याशिवाय सुटत नाहीत. होडी मुख्य दरवाजाच्या पायऱ्यांना लागते तेव्हा ती वरखाली होत असते. ओहोटीत खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. आधी एक मोठा माणूस उतरवा, मग मुलं, मग वृद्ध, शेवटी दुसरा मोठा. हातात पिशवी, मोबाइल काही नको, सगळं पाठीवर. पाठीच्या शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा किल्ला सोडलेला बरा. होडीवाले आत साधारण पाऊण तास देतात आणि बावीस एकरांचा किल्ला तेवढ्यात होत नाही, म्हणून क्रम घरूनच ठरवा: दरवाजावरचं हत्ती पकडलेल्या शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) शिल्प, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव. बालेकिल्ला वेळ उरला तर. आत दुकान नाही, सावली थोडीच, म्हणून माणशी एक लिटर पाणी बरोबर हवंच.

समोर दिसणाऱ्या पद्मदुर्गाला नियमित होडी नाही. मुरूडहून होडी ठरवून न्यावी लागते आणि वारा असेल तर ती सुटत नाही. जमलं तर जा. तिथल्या तटाचा दगड खारट वाऱ्याने झिजून आत गेला आहे आणि मधला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. नाही जमलं तर चुटपुट लावून घेऊ नका, पुढची फेरी पकडायची आहे.

मुरूडहून आगरदांड्याला जाऊन दिघीला फेरी बोट, आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी. खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. फेरी चुकली तर रस्त्याने खाडीला वळसा घालायला काही तास मोडतात. शेवटच्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या आणि सुट्टीच्या दिवशी तासभर आधी रांगेत लागा. गाडी चढवताना बाकीच्यांना खाली उतरवा, आत लावल्यावर पहिला गिअर आणि हँडब्रेक. अगदी खालच्या ओहोटीला उताराचा कोन तीव्र होतो आणि बुटक्या गाड्यांचं पोट घासतं. डिकीतलं जड सामान अशा वेळी मधल्या सीटवर हलवावं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राला लागून जाते. ती फक्त ओहोटीत आणि शांत समुद्रात करायची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. तृतीयेला अलिबाग केलं असेल तर इथे पंचमी-षष्ठी येते, म्हणजे सकाळी दहा-पावणेअकराची वेळ जुळते. देवळात विचारा. नको म्हणाले तर नको.

वेश्वीला उतरल्यावर बाणकोट किल्ल्यावर गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते, त्यामुळे थकलेल्या मंडळींसाठी हाच सर्वांत सोयीचा. सावित्री नदीचं मुख वरून पूर्ण दिसतं.

सुवर्णदुर्ग २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, खांदेरीही त्याच यादीत आहे. तरी सुवर्णदुर्गाला धक्का नाही. हर्णै बंदरावरून होडी ठरवायची, भाडं जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट बोलून घ्यायचं आणि निघण्यापूर्वी लाइफ जॅकेट मोजायची. लहान मापाची क्वचितच असतात, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पायांमधून पट्टा जाणारं जॅकेट घरून न्यावं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर जातं आणि मूल खाली. ओहोटीला होडी लांब थांबते, मांडीभर पाण्यातून चालावं लागतं. तळाला पाय घासत चाला, वाळूत पाकट असेल तर सरकून जाते. दारापाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघून झुडपांत न शिरता तटाच्या कडेने फिरा. ज्यांना होडी नको त्यांच्यासाठी रस्त्यालगतचा गोवा किल्ला आणि कनकदुर्गावरचं दीपगृह आहे.

पिशवीचं थोडक्यात: प्रत्येकाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मुलांचे कपड्यांचे दोन जादा जोड, झिपच्या प्लास्टिक पिशव्या मोबाइलसाठी, क्षारसंजीवनीची सहा पाकिटं, जंतुनाशक, चिकटपट्टी, चिमटा, नेहमीची औषधं एक दिवस जास्त. गाडी लागणाऱ्यांनी गोळी वळणं सुरू होण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी. आवळासुपारी आणि आलेपाक नंतरच्या आधाराला. रोख पैसे दहा, वीस, पन्नासच्या नोटांत न्या, कारण होडीवर आणि फेरीच्या खिडकीत नेटवर्क गेलं की मोबाइलचे पैसे अडकतात. पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा गावांतच भरा, टाकी निम्म्यावर आली की पुढच्या पंपाची वाट बघू नका. गाडी पुळणीवर नेऊ नका. ती रुतते, भरती थांबत नाही आणि ट्रॅक्टरवाला तेव्हा सांगेल तो भाव.

हर्णैच्या लिलावातून मासळी घरी न्यायची असेल तर परतीच्या सकाळीच घ्या, साफ करून, थर्मोकोलच्या खोक्यात एक थर बर्फ एक थर मासा असं भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून. घरी पोहोचल्यावर मासळी आधी फ्रीजमध्ये टाका आणि मग त्याच दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या.