घोड्याच्या नालेसारखी किडनी आणि महाधमनीचा फुगा: या चुका टाळा

पोटातल्या महाधमनीचा फुगा साडेपाच सेंटिमीटरला पोचला (स्त्रियांमध्ये पाच) की ऑपरेशनचा विषय निघतो. त्याच रुग्णाच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या, म्हणजे हॉर्सशू किडनी, निघाल्या की सगळ्यांची नजर त्या जोडावर खिळते. तो महाधमनीच्या पुढ्यातच आडवा असतो, त्यामुळे साहजिक आहे. पण घात जोडामुळे क्वचितच होतो. घात होतो धमन्या न मोजल्यामुळे.

गर्भात किडन्या ओटीपोटातून वर सरकतात. वाटेत नव्या धमन्या मिळतात, जुन्या गळून जातात. जोडलेली किडनी सहसा इन्फिरिअर मेसेंटेरिक (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त देणाऱ्या) धमनीपाशी अडते आणि खालच्या जुन्या धमन्या तशाच राहतात. कधी त्या पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीतून निघतात, कधी थेट फुग्याच्या भिंतीतून. म्हणून 'दोन किडन्या, दोन धमन्या' हा हिशेब इथे चालत नाही. सोनोग्राफीवर तर मुळीच विसंबू नका. एक मिलिमीटरच्या स्लाइसची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) घ्या, स्वतः स्क्रोल करत जांघेपर्यंत उतरा आणि प्रत्येक धमनी कुठून निघते, किती जाड आहे, किडनीचा कोणता भाग पोसते ते कागदावर काढा. रिपोर्टमधली एक ओळ पुरत नाही. डावी रीनल व्हेन (किडनीची शीर) महाधमनीच्या मागून जाते का, तेही तेव्हाच बघा. महाधमनी दाबून बंद करणाऱ्या क्लॅम्पसाठी मागून बोट घालताना ती फाटली तर रक्तस्राव आवरणं कठीण.

जोड कापून वाट मोकळी करण्याचा मोह होतो. जोड नुसत्या तंतूंचा असेल तर ठीक. पण बहुधा तिथे काम करणारी किडनी असते. ती कापली की रक्तस्राव आणि लघवीची गळती, आणि खाली नवा ग्राफ्ट, म्हणजे फुग्याच्या जागी बसवलेली कृत्रिम नळी! जंतुसंसर्ग झालेला ग्राफ्ट म्हणजे जिवावरचा खेळ. त्यापेक्षा जोड हलकेच उचलून ग्राफ्ट खालून न्या, किंवा डाव्या कुशीतून पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पडद्याच्या) मागून शिरा. मूत्रवाहिन्या जोडाच्या पुढून उतरतात, हे विसरू नका.

'बारीकच आहे, बांधून टाकू' असं म्हणण्याआधी थांबा. किडनीच्या धमन्यांना एकमेकींचा आधार नसतो. बांधली की तेवढा भाग मेला. साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जाड किंवा किडनीचा मोठा भाग पोसणारी धमनी ग्राफ्टला जोडा, तोवर किडनीत थंड रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं द्रव) सोडा.

जांघेतल्या धमनीतून आत सरकवायच्या स्टेंट ग्राफ्टने हे सगळं टळतं, असं वाटतं. पण तो त्याच धमन्यांची तोंडं झाकतो. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल असेल तर किडनीचा छोटा तुकडा गेलेला बहुधा निभतो; आधीच वाढलेलं असेल तर हा जुगार खेळू नये. शिवाय झाकलेल्या धमनीतून रक्त उलटं फुग्यात येऊ शकतं. नंतर कुशीत दुखून ताप आला तर लगेच संसर्गाचा शिक्का मारू नका, मेलेल्या तुकड्यानेही असं होतं.

ओटीपोटातली किंवा प्रत्यारोपित किडनी असेल तर गणित वेगळं. तिचं रक्त क्लॅम्पच्या खालून येतं, म्हणून तात्पुरता शंट (रक्त वळवून नेणारी नळी) किंवा स्टेंट ग्राफ्ट आधीच ठरवा.

आणि ऑपरेशननंतर ड्रेनमधून (आतलं पाणी बाहेर काढायच्या नळीतून) स्वच्छ, पाण्यासारखं भरपूर येत राहिलं तर 'सिरम असेल' म्हणून सोडू नका. त्यातलं क्रिएटिनिन तपासा. रक्तापेक्षा कितीतरी पट निघालं तर ती लघवी आहे.