दौऱ्यावर साउंडवाल्यांनी आधी मीटर काढावा

नाटकाचा किंवा ऑर्केस्ट्राचा दौरा म्हणजे रोज नवं गाव आणि नवं वायरिंग. टेम्पोतून सामान उतरलं की सगळे स्पीकरकडे धावतात. तुम्ही आधी मल्टिमीटर काढा, एसी व्होल्टवर लावा आणि सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आकडा हवा. ४०० च्या घरात दिसला, तर दोन फेज आलेत. मिक्सरची पिन तिथे लावूच नका. मग न्यूट्रल आणि अर्थ. एक-दोन व्होल्ट चालतात, पण दहा-पंधरा दिसले तर थेट वायरमनला गाठा. मैदानातल्या जनरेटरवर तर हे बघितल्याशिवाय केबल सोडूच नये.

मिक्सर आणि स्टेजवरची वाद्यं शक्यतो एकाच पॉइंटवरून चालवा, लाइटच्या डिमरपासून लांब. तरीही स्पीकरमधून 'हूंऽऽ' अशी गुणगुण आलीच, तर एकेक चॅनल म्यूट करत जा. बहुतेकदा गुन्हेगार कीबोर्ड किंवा लॅपटॉप निघतो. डीआय बॉक्सवरचा (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधली सिग्नल जुळवणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे फक्त सिग्नल केबलची अर्थ-जोडणी तोडणारं बटण, दाबा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा.

काही जण सरळ प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. गुणगुण जाते, मान्य. पण उपकरणात फॉल्ट आला, तर तोच करंट गिटारच्या तारा आणि माइकमधून गायकाच्या ओठांपर्यंत पोहोचू शकतो. हा जुगाड करणाऱ्याला माझ्या केबलला हात लावू देत नाही.

लाइटवाल्यांनी डिमर अर्ध्यावर आणल्यावर पुन्हा एकदा ऐका. खरी गुणगुण तेव्हाच कळते.