थँक्सगिव्हिंगच्या शुक्रवारी टर्कीच्या हाडांचं सूप

अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचं, भाजलेल्या टर्कीचं (कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी) जेवण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी होतं, पण निवांत खाण्याची खरी मजा शुक्रवारी. मुक्कामाला राहिलेली मंडळी उशिरा उठतात. तोवर उरलेल्या टर्कीचं सूप शेगडीवर चढलेलं हवं.

तयारी गुरुवारी रात्रीच करा. टर्की ओव्हनमधून काढल्यापासून 2 तासांच्या आत मांस सोडवून उथळ डब्यांत भरा आणि हाडांसकट फ्रिजमध्ये ठेवा. पोटातलं स्टफिंग, म्हणजे आत भरलेलं पावाचं सारण, पूर्ण काढा. पावाचे तुकडे राहिले तर सूप गढूळ होतं.

सकाळी 12 ते 14 पौंडी टर्कीची हाडं मोडून मोठ्या पातेल्यात घाला, ती बुडतील इतकं, साधारण 4 लिटर गार पाणी ओता. सोबत 2 कांदे, 2 गाजरं, सेलरीचे 2 दांडे, तमालपत्र, 10 मिरे. मीठ आत्ता नकोच: टर्की बहुधा मिठात मुरवलेली असते, आणि सूप आटलं की खारट होतं. आच इतकी मंद ठेवा की कडेला अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून सूप पांढुरकं, तेलकट होतं. 3 तासांनी गाळा.

मटणाच्या अळणीची सवय असलेल्या घरात हे तसंच वाटीत, मीठ घालून वर लिंबू पिळून द्या. मांस घालायचं तर शेवटच्या 5 मिनिटांत. आधी घातलं की दोऱ्यासारखं चिवट होतं.

उरलेलं सूप पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, मग फ्रिजमध्ये. शनिवारी वर चरबीचा पिवळसर थर आणि खाली थरथरणारी जेली दिसली, तर सूप उत्तम जमलं. सोमवारपर्यंत संपवा.